हातगुण

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या चिंचवडच्या गच्चीवर आठ कुंड्या ओळीत उभ्या होत्या आणि आठही कुंड्यांत एकेक काळी पडलेली काडी होती. आंब्याची कलमं. मी बांधलेली. निवृत्तीनंतर माणूस काय काय उद्योग करून बघतो, त्यातला हा एक. बायको चहा घेऊन वर आली, कुंड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या हाताला यश नाही हो."

चेष्टाच होती. मीही हसलो. पण त्या दिवशी आत्या आमच्याकडे आलेली होती आणि पलीकडे सांडग्यांचं वाळवण राखत बसली होती. तिने ते वाक्य ऐकलं, हातातली काठी खाली ठेवली आणि काही न बोलता जिना उतरून गेली. रात्री जेवतानाही गप्प होती. बायकोला वाटलं आपलं काही चुकलं. मलाही कळेना. आत्या तशी रुसणाऱ्यातली नाही. पंचवीस-तीस माणसांच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला रुसायला सवड मिळत नाही.

झोपायच्या आधी मी विचारलं, "अगं आत्या, झालं काय?" तर म्हणाली, "काय न्हाई रे बापू. ते हाताचं बोलली ना ती, ते जुनं आठवलं."

ते जुनं काय, ते सांगतो. नात्यातल्या मंडळींना अर्धी गोष्ट माहीत असेल, पण अर्धीच. मलाही त्या रात्रीपर्यंत तेवढीच माहीत होती.

चाकणच्या पुढे आमच्या शेताच्या बांधावर एक रायवळ आंबा होता. आम्ही त्याला खोबऱ्या म्हणायचो. फळ मोठं नाही, दिसायलाही यथातथाच, पण कैरी खोबऱ्यासारखी पांढरी आणि करकरीत. लोणचं वर्षभर मऊ पडायचं नाही. गावात त्याच्या फोडींना मान होता. १९७२ च्या दुष्काळात झाडाने पार मान टाकली होती. विहीर आटलेली, माणसांना प्यायला नाही तिथे झाडाला कोण घालणार? पुढच्या वर्षी पाऊस झाला, झाड सावरलं, पण आजोबांनी धसका घेतला. हे झाड गेलं तर दुसरं नाही, म्हणून त्यांनी १९७३ च्या पावसाळ्यात त्याची कलमं करायचं ठरवलं.

तेव्हा आमच्याकडे माहीत असलेली रीत म्हणजे भेट कलम. डालड्याच्या सहा डब्यांत वर्षाची रायवळ रोपं लावलेली होती. झाडाखाली बांबूचा माच बांधला, डबे त्यावर चढवले, रोपाच्या खोडाची आणि झाडाच्या फांदीची एकेक चकती सालीसकट तासली आणि दोन्ही जखमा एकमेकींवर दाबून सुतळीने बांधल्या. वरून शेण-माती. त्या डब्यांना रोज माचावर चढून पाणी घालायचं काम आत्याकडे आलं. आत्या तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि दोनच वर्षांपूर्वी कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आली होती.

सहाच्या सहा कलमं मेली. आजोबा ओसरीवर चार माणसांत म्हणाले, "हिच्या हाताला यश न्हाई." बस. एवढंच. मारलं नाही, ओरडले नाहीत. पण त्या दिवसापासून आत्याने झाडाला हात लावला नाही. तुळशीला पाणीसुद्धा माझी आई घालायची. मी अकरा वर्षांचा होतो, मला ते नेहमीचंच वाटायचं. आत्या झाडांना हात लावत नाही, जसं कुणी वांगं खात नाही तसं.

आता माझं मत सांगतो, आणि ते जरा कडक आहे. हातगुण हा शब्द आपण फार लाडाने वापरतो. डॉक्टरचा हातगुण, सुगरणीचा हातगुण, माळ्याचा हातगुण. कौतुकापुरता तो गोड आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्याला हातगुण नाही त्याला दाद मागायला जागाच राहत नाही. काम का बिघडलं हे शोधायचं तर कष्ट पडतात. माणसाला नाव ठेवलं की शोध संपतो. आणि नाव कुणाला ठेवायचं हेही ठरलेलं असतं. घरात जो सगळ्यात कमी बोलू शकतो त्याला.

हे मी कारखान्यातही बघितलंय. भोसरीला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी वेल्डिंगवर. एका पावसाळ्यात रात्रपाळीच्या एका पोराचे जॉब लागोपाठ नापास व्हायला लागले. एक्सरे काढला की आत बारीक बारीक भोकं. सगळे म्हणाले, पोराच्या हाताला वेल्ड बसत नाही. बीडकडचा पोरगा, नवीन, लाजाळू. त्याला ग्राइंडिंगला टाकलं. दोन आठवड्यांनी कळलं की रॉड तापवून कोरडे ठेवायची जी भट्टी असते तिचं कॉइल गेलेलं होतं. दिवसपाळी नवं पाकीट फोडून कोरडे रॉड वापरायची आणि उरलेले, हवेतली ओल प्यालेले रॉड रात्री या पोराच्या वाट्याला यायचे. रॉडच्या लेपात पाणी शिरलं की वेल्डमध्ये वायू अडकतो आणि भोकं पडतात. ब्रह्मदेव जरी रात्रपाळीला आला असता तरी त्याचाही जॉब नापास झाला असता. पोराची कुणी माफी मागितली का? तर नाही. मीही नाही मागितली. असो.

तर आत्याची गोष्ट ऐकल्यावर माझ्यातला जुना क्वालिटीवाला जागा झाला. माझी आठ कलमं का मेली, आणि पन्नास वर्षांपूर्वीची सहा का मेली? हात बाजूला ठेवून विचार करायचा ठरवलं. पुस्तकं आणली, गणेशखिंडीच्या जुन्या फळबागेत जाऊन आलो, दापोलीला कृषी विद्यापीठातही जाऊन आलो (निमित्त भाच्याच्या लग्नाचं). त्यातून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

तुम्ही वांगं चिरून पाण्यात टाकता. का? काळं पडतं म्हणून. आंब्याच्या फांदीवर सुरी फिरली की अगदी तेच होतं. झाडाच्या प्रत्येक पेशीत दोन खोल्या असतात असं समजा. एकीत फिनॉल जातीची रसायनं ठेवलेली, दुसरीत त्यांच्यावर काम करणारं एंझाइम. भिंत शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. सुरीने भिंत फुटते, दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो आणि मिनिटांत तपकिरी-काळा थर बसतो. हा थर नुसता रंग नसतो. ती रसायनं आसपासच्या प्रथिनांना चिकटतात आणि ज्या पेशींनी वाढून जखम भरायची त्यांनाच निकामी करतात. आंब्यात या फिनॉल जातीच्या रसायनांची श्रीमंती आहे. त्याच्या सालीत, पानांत मँगिफेरिन नावाचं एक रसायन असतं, नावच आंब्यावरून पडलेलं. शिवाय चीक असतो तो वेगळाच. त्यामुळे आंबा कलमाला हट्टी.

हे वाचलं तेव्हा मी हसलो, कारण हे तर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग! ॲल्युमिनियम घासून स्वच्छ केलं की लगेच हवेमुळे त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा बसतो. खालचा धातू ६६० अंशांना वितळतो आणि वरचा पापुद्रा दोन हजार अंशांच्याही पुढे. पापुद्रा राहिला की दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात, पण एक होत नाहीत. म्हणून आम्ही पोरांना सांगायचो, घासलं की लगेच मार, आणि वरून आर्गनचं पांघरूण. कलमवाल्याची प्लॅस्टिकची घट्ट पट्टी म्हणजे गरिबाचं आर्गनच. हवा बाहेर, ओल आत.

पण उपमा इथे सोडायला हवी. वेल्ड थंड झाला की काम संपलं. कलमाचं काम पट्टी बांधल्यावर सुरू होतं. दोन्ही जखमांवरच्या पेशी आधी मऊ, बिनचेहऱ्याच्या गाठी करतात, त्या गाठी मधली फट भरतात, एकमेकींना चिकटतात. मग वरच्या काडीच्या डोळ्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि या गाठीतल्या काही पेशींना जणू सांगतं की तुम्ही आता नळ्या व्हा. नळ्या जुळल्या की खालचं पाणी वर आणि वरची साखर खाली. याला आठवडे लागतात. तोपर्यंत वरची काडी स्वतःच्या शिदोरीवर जगते. शिदोरीत साखर-स्टार्च नसेल किंवा डोळा झोपलेला असेल तर कितीही सफाईने कापा, सांधा कोरडाच राहणार.

म्हणजे माझ्या आठ कलमांचं काय झालं ते बघा. मे महिना, पुण्याची कोरडी हवा. रोपवाटिकेतून आणलेले वर्ष-दीड वर्षाचे राठ खुंट. काड्या एका मित्राच्या बंगल्यातून आदल्या दिवशी कापून आणलेल्या, डोळे फुगलेले आहेत का वगैरे काही न बघता. सुरी भाजीची. आणि मी प्रत्येक काप हातात धरून, चष्मा वर-खाली करत, कोन बरोबर आलाय का ते बघत बसलो होतो. तीन-चार मिनिटं सहज. तेवढ्यात तो थर कधीच बसला असणार. माझ्या हाताचा दोष होता का? होता, तीन-चार मिनिटांचा. हातगुण असलाच तर तो सेकंदात मोजायचा, काप दिल्यापासून पट्टी आवळेपर्यंत. बाकी सगळं महिना, वय आणि ओल.

फिनॉल म्हणजे खलनायक, असंही समजू नका. मी आधी तसंच समजून चाललो होतो. पण झाडाला जखम झाली की बुरशी-किडीला दारात अडवणारी तीच. लाकडाला लाकूडपण देणारं लिग्निन त्याच कुळातलं. गंमत म्हणजे आंब्याच्या कोवळ्या पालवीचा तांबूस रंगसुद्धा त्याच कुळातल्या अँथोसायनिनचा. तेव्हा "फिनॉल कमी तर कलम यशस्वी" असं एका ओळीचं सूत्र करायला गेलात तर फसाल. कुठलं, किती, कुठे आणि कधी, हे सगळं बघावं लागतं.

रसायन खरोखरच वैर धरतं अशीही उदाहरणं आहेत. युरोपात नाशपतीचं कलम बिहीच्या खुंटावर करतात, झाड ठेंगणं राहावं म्हणून. काही जातींची कलमं छान लागतात, काहींची सांध्यावर सडतात. बिहीमध्ये प्रुनासिन नावाचं एक रसायन असतं. ते सालीतून वर नाशपतीत चढतं, तिथलं एंझाइम त्याला फोडतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. होय, तेच सायनाइड! सांध्याजवळच्या पेशी त्याने मरतात. तिथले लोक काय करतात, तर दोघांशीही जमवून घेणाऱ्या तिसऱ्या जातीचा एक तुकडा मध्ये घालतात. (आपल्याकडे लग्न जमवताना दोन्हीकडची ओळख असलेले एक काका लागतात, तसं.) आता सांगा, मधला तुकडा न घालता एखाद्या माळ्याने शंभर वेळा कलम केलं आणि शंभर वेळा बिघडलं, तर त्याला म्हणायचं का, तुझ्या हाताला यश नाही?

उलट कुणाची संगत कुणाशी जमेल हेही दिसण्यावरून कळत नाही. डहाणू-घोलवडच्या बागांतला गोड चिकू खिरणीच्या खुंटावर उभा असतो. कुळ एक, पण फळं बघितलीत तर नातं ओळखणार नाही. मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९७ साली सुरू झालं. आपल्या द्राक्षवाल्यांनी क्षाराच्या जमिनीसाठी आणि पाणी कमी पडतं म्हणून डॉगरिज नावाचा रानटी खुंट घेतला आणि वर थॉम्सन बांधली. २०२० साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तंबाखूच्या कुळातल्या एका झाडाचं कलम अगदी परक्या कुळांतल्या झाडांवरही चिकटतं, कारण त्याच्या कापलेल्या टोकाशी पेशींच्या भिंती विरघळवणारं एक एंझाइम सोडलं जातं. भिंती जरा विरघळल्या की दोन परके एकमेकांना चिकटू शकतात. हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते कोकणातलं कोय कलम. यात वर्षाचं राठ रोप घेतच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला कोयी रुजवायच्या, मोड आल्यावर दहा-पंधरा दिवसांचं कोवळं, तांबूस रोप असतानाच त्याचा शेंडा उडवायचा, मध्ये चीर द्यायची आणि तीन-चार महिने वयाची, डोळा फुगलेली काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी झाडावरच छाटून ठेवायची, म्हणजे डोळा जागा होतो. त्या कोवळ्या रोपात पेशी भराभर वाढत असतात आणि खाली कोयीच्या दोन डाळिंब्यांत आईने बांधून दिलेली शिदोरी अजून शिल्लक असते. वर पावसाळी दमट हवा. सगळ्या अडचणींवर एकाच वेळी उतारा. केंब्रिजमधल्या लोकांनी गव्हासारख्या, ज्यांचं कलम होतच नाही असं सगळे मानत होते त्या एकदल वनस्पतींचं कलम करून दाखवलं आणि २०२२ मध्ये ते 'नेचर' मासिकात छापून आलं. त्यांनीही काय केलं, तर बियातला अगदी कोवळा गर्भ घेतला. दापोलीच्या पडवीत बसून कोयी बांधणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग आम्ही काय करतोय इतकी वर्षं?

असो. रसायनाचं पुराण पुरे. आत्याकडे परत येतो.

त्या रात्री मी तिला विचारलं की कलमं कधी बांधली होती? "गणपतीत," ती म्हणाली. आणि डबे खाली कधी उतरवले? तर म्हणे दसऱ्याला. मुंबईचे कुणी भाऊबंद दसऱ्याला आले होते, त्यांना दोन कलमं द्यायची होती, म्हणून आजोबांनी माचावर चढून सहाही कलमं झाडापासून कापली.

मंडळी, भाद्रपदातली चतुर्थी ते आश्विनातली दशमी. बोटं मोजा. छत्तीस दिवस.

भेट कलमाचं सगळं मर्म हे की काडी आईच्या फांदीलाच असते. ती आईचं पाणी पिते, म्हणून सांधा सावकाश जुळला तरी चालतं. आंब्यासारख्या हट्टी झाडाला शेकडो वर्षं हीच रीत चालली ती याचसाठी. पण मग वाट बघायची तयारी हवी. दोन-तीन महिने ठेवतात, आणि तेव्हाही एकदम तोडत नाहीत. आधी अर्धा काप देतात, आठवडा-पंधरा दिवस थांबतात, मग पूर्ण. रोपाला सवय लागावी म्हणून. आजोबांनी छत्तिसाव्या दिवशी एका घावात तोडली, तेही दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या, शिदोरी संपलेल्या झाडावरून. आत्याने पाणी रोज घातलं होतं. एक दिवसही चुकवलं नव्हतं. ती आजही सांगते की तापात असतानासुद्धा माचावर चढले होते.

मी तिला म्हटलं, "आत्या, कलमं आजोबांनी मारली. घाई केली त्यांनी."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ते गेले आता. त्यांना कशाला बोलतोस?" आणि कूस बदलली.

आजोबा वाईट माणूस नव्हते, हे मीही सांगतो. त्यांना सेकंद, ऑक्झिन, एंझाइम कुणी सांगितलं असतं? त्यांच्यापाशी कारण नव्हतं म्हणून त्यांनी माणूस शोधला. पण आपल्यापाशी आज कारणं आहेत, आणि तरी आपण माणूसच शोधतो. रोपवाटिकांमध्ये आजही कलम मेलं म्हणून परत न्यावं तर उत्तर मिळतं, "काका, तुमचा हात जड असेल." मोशीच्या रस्त्यावर एकाने मला तोंडावर सांगितलं हे. मी त्याला विचारलं, खुंट किती दिवसांचा होता? त्याला माहीत नव्हतं.

त्याच दिवाळीत कळलं की खोबऱ्या उभा होता तो पट्टा चुलतभावांनी विकला. तिथे गोडाऊन येणार. त्यांना दोष देत नाही. आमच्या बाजूला आता बांधाला शेड लागून शेड आहे, शेतात ट्रेलर वळतात, ज्वारी कुणी पेरायची आणि राखण कुणी करायची? फक्त एवढं मागितलं की पुढचा पावसाळा होईपर्यंत झाडाला हात लावू नका. ते कबूल झाले.

मग गेल्या वर्षीच्या मे महिनाअखेर खोबऱ्याचेच आंबे पिकवले, खाल्ले आणि कोयी लगेच गच्चीवर पिशव्यांत लावल्या. आंब्याची कोय फार दिवस ठेवली की रुजत नाही, हे एक लक्षात ठेवा. जूनअखेर जाऊन काड्या निवडून त्यांची पानं छाटून आलो. आठ दिवसांनी परत जाऊन काड्या कापल्या, ओल्या पंचात गुंडाळल्या आणि डिकीत ठेवल्या. चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो. तुम्हाला माहीतच आहे तो चौक. एरवी मी हॉर्न वाजवणाऱ्यांवर चिडतो, त्या दिवशी मीच वाजवत होतो. डिकीत पेशंट होता.

आत्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सुरुवातीला तयारच होईना. "मी नुसती बसते," म्हणाली. मी नवीन ब्लेड काढलं, पट्ट्या कापून ठेवल्या, वरून घालायला पेप्सीच्या पिशव्या (ती नळीतली थंडगार, पोरं चोखतात ती) धुऊन ठेवल्या. पहिलं कलम मी केलं. ती बघत होती. दुसरं करताना माझी पाचर तिरकी गेली, परत तासायला लागलो, तशी ती पटकन म्हणाली, "अरे दे इकडं, काळं पडंल." आणि तिने काडी हातातून काढून घेतली. सत्त्याहत्तर वर्षांचे हात. भाकरी थापणारे, विळीवर मेथी चिरणारे. दोन घावांत पाचर केली, चिरेत सरकवली, पट्टी आवळली. मी मनात आकडे मोजत होतो, कारखान्यातली सवय. पुरते चाळीस सेकंदही झाले नाहीत.

सहा मी बांधली, सहा तिने. प्रत्येक पिशवीवर खूण केली, कारण आमच्याकडे प्रत्येक वेल्डवर ज्याचा त्याचा नंबर ठोकायची पद्धत. तीन आठवड्यांनी डोळे फुटायला लागले. माझी तीन जगली, तिची चार. यावरून कुणाचा हात चांगला ते ठरवायला गेलात तर मीच तुम्हाला अडवीन. बारा कोयी म्हणजे एका आईची बारा वेगवेगळी लेकरं. रायवळाची प्रत्येक कोय स्वतःच्या स्वभावाची, एक खुंट दुसऱ्यासारखा नाही. बारावर काही ठरत नसतं. बाराशे बांधा, मग बोलू.

पण तिला चार आणि तीन कळत होतं. तिने दोनदा मोजून घेतली.

खोबऱ्या कार्तिकात पडला. मी गेलो नव्हतो. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लाकूड कुणी नेलं?" एवढंच.

सात कलमं आता गुडघ्यापर्यंत आली आहेत. खुंटाला खालून एखादा फुटवा येतो तो नखाने खुडावा लागतो, नाहीतर खालचाच जोर धरतो आणि वरची काडी उपाशी मरते. ते काम आत्याने घेतलंय. महिन्यातले दहा-बारा दिवस ती आमच्याकडेच असते हल्ली, आणि गच्चीवर चढायला गुडघे दुखत नाहीत म्हणते. गावी ओढ्यापलीकडचा एक एकर अजून आमच्याच नावावर आहे. तिथे जूनमध्ये चार लावायची, दोन मुलीकडे नाशिकला जातील. उरलेल्या एकासाठी आत्या मला रोज विचारते की डालड्याचा पत्र्याचा डबा आता कुठे मिळेल. प्लॅस्टिकच्या कुंडीत नको म्हणते. कुणाच्या माळ्यावर पडलेला असेल तर कळवा.